नको असलेल्या लहरी आणि दोषाचा शोध



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने रेडिओवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण यंत्रातला दोष शोधण्याची रीत आणि माणसाला न्याय देण्याची रीत या दोन्ही मुळात एकच आहेत, असे माझे मत आहे.

सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलणाऱ्या हौशी रेडिओचालकाला ‘हॅम’ म्हणतात. त्याला ठरावीक पट्टे नेमून दिलेले असतात. तो 7 मेगॅहर्ट्झवर बोलत असला, की त्याच्या यंत्रात 14 आणि 21 मेगॅहर्ट्झच्याही लहरी उपजतात. एका बांधीचे पाणी धुऱ्यातल्या बिळातून शेजाऱ्याच्या बांधीत शिरावे, तसा हा प्रकार. आकाश काही एकट्याचे नव्हे. तेथे विमाने बोलतात, जहाजे बोलतात. म्हणून आंतरराष्ट्रीय दंडक असा की, 100 वॅटच्या अशा यंत्रातून नको असलेली लहर 1 मिलिवॅटहून, म्हणजे लाखाव्या हिश्शाहून, अधिक नसावी.

आता शोध कसा घ्यावयाचा? प्रथम एरियल काढून त्या जागी 50 ओहमचा रोधक लावावा. आवाजातली घरघर त्याने थांबली, तर एरियलची शक्तीच मायक्रोफोनच्या तारेतून उलट यंत्रात शिरत होती, असे समजावे. न थांबली, तर दोष आत आहे. मग मायक्रोफोन काढावा. एकपट्टी पद्धतीच्या यंत्रात बोलणे थांबताच शक्तीचा काटा खाली बसला पाहिजे. तो वर राहिला, तर वाहक लहर गळते आहे किंवा प्रवर्धक आपल्या आपण कंप पावतो आहे. आवाजाची पातळी उतरवताच बाजूला पसरलेला कचरा नाहीसा झाला, तर यंत्राला पेलणार नाही एवढे ओझे आपणच घातले होते. आणि एवढे करूनही दुपटी-तिपटीच्या लहरी उरल्या, तर गाळणी तपासावी. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दोष कोठे होता ते कधीच कळत नाही.

याचे जवळचे उदाहरण हैदराबादचे आहे. तेथील अशर फरहान यांनी सामान्य माणसाला परवडणारी ‘बिटएक्स’ यंत्रे रचली आणि त्यांचे नकाशे सर्वांना खुले केले. त्यांच्या संस्थेच्या यंत्रांतली वेटोळी गुंडाळण्याचे काम स्त्रियांच्या एका गटाने हाताने केले. ‘मायक्रोबिटएक्स’ हे यंत्र आले, आणि 2018 मध्ये जगभरच्या हौशी मंडळींनी मोजून दाखवले की, त्याच्या गुणित लहरी मर्यादेबाहेर जातात. सहज कोणी म्हटले असते, ‘हाताने गुंडाळलेली वेटोळी, दुसरे काय होणार!’ पण शोधाअंती कारण निराळेच निघाले. गाळणीत जाणारी वाट आणि गाळणीतून येणारी वाट एकाच रिलेतून शेजारी-शेजारी नेली होती; लहरी गाळणीला वळसा घालून निसटत होत्या. गाळणी निर्दोष, गुंडाळणारे हातही निर्दोष. चूक आखणीत होती. नकाशा खुला होता म्हणूनच ती सापडली, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली.

आपल्या जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बायकांना ‘छाट’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पान फाटके दिले कोणी, हे न विचारता बिडी नापास होते आणि मजुरी तिची कापली जाते. रेडिओच्या टेबलाजवळ बसणारा साधा कारागीरदेखील आधी रोधक लावून पाहतो, मग बोट दाखवतो. एवढी तसदी आपण यंत्रासाठी घेतो. ती माणसासाठीही घ्यावी, इतकेच माझे मागणे आहे.