कर्ज मालकाचं, कुलूप आपल्या दाराला
(श्रीवर्धन येथे भाडेकरूंच्या बैठकीत केलेले भाषण)



मालक कर्ज काढतो. घर गहाण टाकतो. हप्ते थकवतो. आणि एक दिवस दारावर बँकेचा कागद चिकटतो. कागदावर नाव मालकाचं, आत चूल आपली. भाडं आपण महिन्याच्या महिन्याला मोजलेलं. मग रस्त्यावर आपण का यायचं?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं या किनाऱ्यावरची छपरं उडवली, नारळी-सुपारीच्या बागा झोपवल्या. असा मार बसला की बागवाला कर्जात जातो, लॉजवाला कर्जात जातो. गहाण पडतं घर, आणि घराबरोबर आतला भाडेकरू. त्याला कुणी विचारत नाही.

हे या जिल्ह्याला नवं नाही. कूळ राबायचं, खोत वसूल करायचा आणि कुळाच्या हातात कागद नसायचा. म्हणून तर अलिबागजवळच्या चरीत १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांचा संप चालला. म्हणून तर बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. पुढं १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. पण कागद न देण्याची खोड गेली नाही. आज आडनाव विचारून खोली नाकारतात. दिलीच तर तोंडी. वर म्हणतात, ‘कागद कशाला, तुम्ही घरच्यासारखे!’ घरच्यासारखे म्हणजे कधीही हाकलता येण्यासारखे.

आता कायदा नीट ऐका. २००२ चा सरफेसी कायदा आहे. कर्ज एक लाखावरचं असलं आणि थकलं की बँक दिवाणी दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊ शकते. २०२० पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सहकारी बँकांनाही ती मोकळीक पक्की झाली. आधी साठ दिवसांची नोटीस, ती मालकाला. मग जिल्हा दंडाधिकाऱ्याचा हुकूम. तो अलिबागहून निघतो. आपल्याला कळतं ते पोलीस दारात आल्यावर.

पण बँक म्हणेल तीच पूर्वदिशा नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलं, की सरफेसीच्या जोरावर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण पुसता येणार नाही. करार नोंदलेला नाही एवढ्यावरून भाडेकरू उडवता येणार नाही. मात्र २०१९ च्या दुसऱ्या निकालात त्याच कोर्टानं दोरी आवळली. तोंडी भाडेकरू असशील तर पुरावा आण, आणि तसं असताना ताब्याचा हक्क फार लांब चालणार नाही. म्हणजे गोष्ट परत कागदावरच आली.

आणि तो कागद देणं कुणाचं काम? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा मालकाचा, शिक्षा मात्र आपण भोगतो. पावती देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे.

तेव्हा आजपासून काय करायचं? भाडं बँकेतून नाहीतर फोनवरून पाठवा, नोंद राहते. लाइटबिल, रेशनकार्ड, पोरांच्या शाळेचे दाखले, पत्ता असलेला प्रत्येक कपटा जपा. दारावर नोटीस लागली तर फाडू नका, फोटो काढा, तारीख लिहा. बँकेला लेखी कळवा, आम्ही अमुक सालापासून भाडेकरू आहोत. नोटिशीनंतर मालक घाईनं नवा करार घेऊन आला तर फसू नका, बँकेच्या लेखी संमतीशिवाय तो टिकत नाही. बँकेनं ताब्याचं पाऊल टाकलं की पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज टाकावा लागतो. २०१६ च्या दुरुस्तीनं भाडेकरूचा दावा तपासायचा अधिकार त्याला दिलाय. ते श्रीवर्धनात बसत नाही, म्हणून वकील आणि गाडीभाडं यांची वर्गणी आधीच जमवा.

कुणी म्हणेल, पावती मागितली तर मालक खोलीच खाली करायला सांगेल. खरंय. एकट्यानं मागितली तर सांगेल. म्हणून सगळ्या आळीनं एकाच दिवशी मागा. येत्या एक तारखेला भाडं द्यायला जाल तेव्हा पावती घेतल्याशिवाय उंबरा सोडू नका.

जयभीम!