सोंग आणि व्रत

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे, तोंडी गोष्ट रचायची. सोंगाचे वर्ग (शाळेतले नव्हेत, पेशे म्हणा!) आरंभी तीनच: लढवय्या, जादूगार, धर्मोपदेशक. जादूगाराला चिलखत वर्ज्य, हाती नुसता खंजीर. लढवय्या सोबत हवाच.

पुढं पोटवर्ग निघाले. १९७८ च्या नियमपुस्तकात लढवय्याचा एक पोटवर्ग पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा. त्यानं मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं, की व्रताची शक्ती कायमची गेली. उरला साधा लढवय्या.

गुरुजी, मुलाची खरी पंचाईत इथं होते. शत्रू शरण आलाय. सोबती म्हणतात, मारून टाक. फासे टेबलावर तसेच पडलेले, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत.