रुळांचे लोखंड आणि घरातले लोह

(गेल्या वर्षीच्या उत्सवात महिला मेळाव्याच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर सोडून मला उभे केले याचे तुमच्याइतकेच आश्चर्य मलाही वाटते आहे. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, पर्मनंट वेचा माणूस. वीस-बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडीत गेली. पण कार्यवाह म्हणाले, "तुमच्या घरी जे झाले ते सांगा." सौ. समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच सांगतो.

२०२२ च्या गौरी-गणपतीतली गोष्ट. आमचे क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. सिकंदराबादच्या मोंढ्यातून पत्री-फुले घेऊन ही आली आणि पहिल्याच जिन्यावर पिशवी टाकून खाली बसली. त्याआधी सहा महिने ती म्हणत होती, "अहो, मला जरा दम लागतो." मी काय म्हणालो असेन? "थोडे चालत जा, वजन उतरेल." शिवाय तांदूळ निवडताना ती मूठमूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. मुलगी चिडवायची, आम्ही हसायचो. कच्चे तांदूळ, माती, बर्फ असे काही खावेसे वाटणे हे अंगातले लोह संपत आल्याचे लक्षण असू शकते, हे मला नंतर कळले.

पहिल्या डॉक्टरांनी "बायकांना थोडा अशक्तपणा असतोच" म्हणून टॉनिक लिहून दिले. दोन बाटल्या संपल्या, फरक शून्य. जिन्यावरच्या त्या प्रकारानंतर दुसरीकडे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.१. बाईमाणसाला, गरोदर नसताना, किमान १२ हवे. ८ च्या खाली गेले की ॲनिमिया तीव्र समजतात.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता, पाळीचा होता. किती दिवस जाते, किती जाते? ही गप्प. दोन वर्षे जास्त जात होते आणि तिने ना मला सांगितले, ना आईला. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधीच होती, पण गळती तिथे होती.

मंडळी, आमच्या खात्यात रूळ वरून चकचकीत दिसतो म्हणून सोडत नाहीत. अल्ट्रासॉनिक मशीन फिरवून आतली भेग शोधतात. ती मशीन चालवणाऱ्यांच्या मागे मी वर्षानुवर्षे हिंडलो, आणि घरात वरवर बघूनच निकाल देत होतो.

शिरेतून लोहाचे औषध, मग गोळ्या, मग गाठीचे ऑपरेशन. साधारण सात महिन्यांनी आकडा १२.३ वर आला. गोळ्या त्यानंतरही तीन महिने चालू ठेवल्या, कारण रक्त भरले तरी अंगातला साठा भरायला वेळ लागतो. बऱ्याच जणी बरे वाटले की गोळ्या सोडतात. शौचास काळे होते म्हणूनही घाबरून सोडतात. लोहाच्या गोळीने काळे होतेच. पोटाला फार त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. आणि ही गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा दुधा-चहाबरोबर घ्यायची नाही.

आता जेवणाकडे येतो. सात-आठावर आलेले हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीने वर येत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पण पुन्हा खाली जाऊ द्यायचे नसेल तर स्वयंपाकघरच सांभाळावे लागते.

आपल्या लालागुड्याला लागूनच तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुन्नूरला १९१८ साली सुरू झालेली, १९५८ मध्ये हैदराबादला आलेली. तिच्या भिंतीवरून आपण रोज ड्यूटीला जातो. तिथल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या हिशेबाप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि बाईला २९. दीडपट! आणि आपल्याकडे ताट कोणाचे भरलेले असते? उरलेसुरले कोण खाते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला, पुरुषांत २५ टक्के.

इथे येऊन आपण भातखाऊ झालो. पॉलिश तांदळात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नाही. बाजरीत सहाच्या आसपास आहे. आम्ही रात्रीचा भात कमी करून बाजरी-ज्वारीची भाकरी परत आणली. आई खूश. गोंगूरा म्हणजे आपली अंबाडी, ती इथे किती छान मिळते! अळिवाचे लाडू आपण फक्त बाळंतिणीला देतो. का बरे? उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि शेंगदाणे. खाणाऱ्यांनी मटण-मासे जरूर खावेत, त्यातले लोह अंगी लवकर लागते. बिटाचा रंग लाल म्हणून रक्त वाढते, ही मात्र समजूत. त्यात लोह बेताचेच.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे जेवणावरचा चहा. जेवणाबरोबर चहा घेतला तर जेवणातले निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकते. तास-दीड तास थांबायचे. उलट लिंबू, आवळा, पेरू बरोबर असेल तर तेच लोह चांगले शोषले जाते. वरणावर लिंबू पिळायची आपली रीत उगाच नाही. माळ्यावरची आईची लोखंडी कढईही खाली काढली. नॉनस्टिक माळ्यावर गेले. कढईत पालेभाजी काळपट होते, मुलगी नाक मुरडते.

मुलगी म्हणजे बारावीतली. तिचेही रक्त तपासून घेतले, म्हटले बघू तरी. १०.४ निघाले. दिसायला ठणठणीत, अभ्यासात मात्र डुलक्या. आम्ही मोबाइलला दोष देत होतो.

माझ्या गँगमध्ये आता ट्रॅकमेंटेनर मुली आहेत. मे महिन्यात इथल्या उन्हात उभ्या असतात. त्यांना विचारायला सुरुवातीला माझी जीभ रेटेना. शेवटी सौ.ने एका रविवारी त्यांना घरी बोलावून विचारले. दोघींना तपासणीला पाठवावे लागले.

येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ मंडळाच्या हॉलमध्ये हिमोग्लोबिनची तपासणी आहे. फक्त बोटातून थेंबभर रक्त. नवरेमंडळींनी सोबत यावे, नाहीतर "मला काय झालंय" म्हणत निम्म्या घरीच राहतील. आणि उद्याच्या महाप्रसादाची पहिली पंगत महिलांची, हे समितीत ठरले आहे. वाढायला आम्ही आहोत. लिंबे पाच किलो आणली आहेत. चहा पंगत उठल्यावर तासाभराने मिळेल, कोणी मागू नये.