फेस आणि लोणारचे पाणी

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साबणाचा विषय बुलढाणा जिल्ह्यास परका नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारला काच व साबण यांची द्रव्ये मिळतात, अशी नोंद केली आहे. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी ओसरले की काठावर खार धरे. दल्ला, पपडी, भुसकी असे त्याचे प्रकार ओळखले जात. साबणाला लागणारी अल्कली निसर्गाने आपल्या दारी आणून ठेवली होती.

आता घराघरांत फेस येतो तो बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट किंवा त्याच्या भाईबंदांमुळे. खोबरेल वा पामच्या बीच्या गरापासून काढलेल्या तेलापासून मिळणाऱ्या लॉरिल अल्कोहोलवर गंधकयुक्त द्रव्याची प्रक्रिया करून ते बनवितात. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला, दुसरे तेलाला धरते. म्हणून तेलकट मळ सुटतो. शेगाव-संग्रामपूरकडील खारपाणपट्ट्यातील भगिनींना जड पाण्याचा अनुभव आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साध्या साबणाशी संयोग पावून चिकट साका करतात. सल्फेटला ही अडचण फारशी येत नाही. मात्र अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता, हा समज खरा नाही. या द्रव्याने कर्करोग होतो, ही वदंताही निराधार आहे. त्वचा कोरडी पडते वा चुरचुरते, एवढे खरे.

माझी चिंता वेगळीच आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातील, 2020 साली रामसर यादीत आलेल्या या सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. धारेचे गोडे पाणी आत उतरते, तसेच काठावरचे सांडपाणीही उतरते. लॉरिल सल्फेट जीवाणू लवकर विघटित करतात. परंतु धुण्याच्या भुकटीत फॉस्फेट असेल तर ते तेथेच राहते आणि शेवाळाला खत होते. सुमारे 10 पीएचच्या या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव अन्यत्र क्वचितच आढळतात. फेस डोळ्यांदेखत विरतो, म्हणूनच आपली फसगत होते.

शिक्षकांनी दोन बाटल्यांत विहिरीचे पाणी घ्यावे, एकीत साबण व दुसरीत शाम्पू टाकून मुलांकडून हलवून घ्यावे. सदस्यांना मात्र माझी विनंती आहे की, धुण्याची जागा आणि तिचा शोषखड्डा सरोवराच्या उताराबाहेर कोठे असावा, हे आजच्या बैठकीतच ठरवावे.