विधवेची चिकाटी आणि आपली प्रार्थना

 

बचत गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, वही मिटली, की बायका घरचं बोलायला लागतात. कुणाच्या नवऱ्याची दारू सुटत नाही. कुणाचं पोर शिकून घरी बसलंय. कुणाचा वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे पडून आहे. आमच्या गटांतल्या ख्रिस्ती बहिणी अशा वेळी हमखास विचारतात, "ताई, किती दिवस प्रार्थना करायची? देव खरंच ऐकतो का?" आज आपण याच प्रश्नावर बोलू. बाकीच्या मैत्रिणींनीही ऐकावं, कारण वाट पाहणं आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात प्रभू येशूने एक दाखला सांगितला आहे. एका गावात एक न्यायाधीश होता. देवाची भीती नाही, माणसाची लाज नाही, असा. त्याच गावात एक विधवा होती. तिच्यावर अन्याय झाला होता आणि ती न्याय मागायला त्याच्याकडे येत राहिली. तो टाळत राहिला, ती येत राहिली. शेवटी तो कंटाळला आणि ही बाई आपल्याला सुखाने बसू देणार नाही म्हणून त्याने तिला न्याय दिला.

हा दाखला आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. कचेरीच्या पायऱ्या आपण झिजवल्या आहेत. "साहेब नाहीत, उद्या या" हे आपण ऐकलं आहे. पण इथे एक चूक बऱ्याच जणी करतात. त्यांना वाटतं, देवही त्या न्यायाधीशासारखाच आहे, त्याच्या मागे लागलं, त्याला वैताग आणला, की तो देईल. येशूचं सांगणं याच्या अगदी उलट आहे. असला निर्दय माणूससुद्धा अखेर ऐकतो, तर आपल्यावर माया करणारा बाप ऐकणार नाही का? म्हणजे आपण पुन्हा पुन्हा मागतो ते त्याचं मन वळवायला नाही. तो आपला आहे या भरवशावर मागतो. परक्याच्या दारात माणूस एकदा मागून परत फिरतं, आईजवळ मात्र लेकरू दिवसभर मागत असतं.

मागताना शब्द सुंदर असावे लागत नाहीत. जुन्या करारात हन्नाची गोष्ट आहे. मूल नाही म्हणून सवत तिला टोचून बोलायची. ती शिलोच्या मंदिरात जाऊन रडली. तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली आहे. तिने त्याला सांगितलं, मी माझं दुःख देवापुढे ओतते आहे. तेव्हा रडणं हीसुद्धा प्रार्थना आहे, आणि चुलीपुढे मनातल्या मनात बोललेलंही देवाला पोचतं.

आता अवघड गोष्ट. हन्नाला शमुवेल झाला, पण सगळ्यांच्या बाबतीत तसं घडत नाही. कुणी वर्षानुवर्षं प्रार्थना करते आणि आजारी माणूस जातंच. मग आपल्यातलीच कुणीतरी म्हणते, "तुझा विश्वास कमी पडला." बायांनो, हे वाक्य कुणालाही कधीही बोलू नका. पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, तो सोसायला कृपा मिळाली. खुद्द येशूने गेथशेमानेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आणि आजारपणात एक पक्कं ध्यानात ठेवा. चंगाईच्या सभेला जायचं तर जा, पण टीबीच्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गोळी घेतली म्हणून विश्वास उणा होत नाही. दाखल्यातली विधवाही घरी बसून राहिली नव्हती, ती रोज उठून चालत गेली होती. तसंच, नवरा मारत असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि मदतही मागा. मार खात राहणं म्हणजे प्रार्थनेतली चिकाटी नव्हे.

प्रार्थना आणि कष्ट एकत्र कसे चालतात, हे पंडिता रमाबाईंनी आपल्याच मातीत दाखवलं. त्या स्वतः तरुणपणी विधवा झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे मुली रोज प्रार्थनेला जमत, आणि त्याच मुली शेतात राबत, विणकाम करत, छापखाना चालवत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी अनेक वर्षं खपल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी त्यांनी काम टाकलं नाही. १९२२ साली त्यांनी डोळे मिटले, तोवर भाषांतर पुरं झालं होतं.

मग आपण काय करायचं? दिवसातली एक वेळ ठरवा, दहा मिनिटंही पुरे. हप्ता लहान असला तरी दर महिन्याला भरला की गट टिकतो, प्रार्थनेचंही तसंच आहे. एका वहीत तारीख घालून मागणं लिहा, अधूनमधून ती चाळा. काय मिळालं, काय बदललं, आपलं मन कुठे निवळलं, ते दिसेल. ज्या दिवशी शब्द फुटत नाहीत, त्या दिवशी शेजारणीला सांगा, "आज माझ्यासाठी तू प्रार्थना कर." कुणाचा राग मनात असेल तर तोही देवापुढे ठेवा.

तो दाखला संपवताना येशूने विचारलं आहे की, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का? उद्या वारस नोंदीसाठी कुणी पुन्हा तलाठ्याकडे निघाली, तर सकाळी प्रार्थना करून निघा, अर्जाची पोच पिशवीत ठेवा, आणि गटातली एक जण सोबत घ्या.