कर्ता कोण?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही तीन कळवले : यंत्र, सरकार आणि व्याकरण. त्यावर त्यांचा लगेच निरोप आला की, तासाभरात तीन विषय कसे बसायचे, यांतला एक निवडा. आम्ही उलट कळवले की, हे तीन विषय नव्हेतच. हा एकच विषय आहे, त्याची तीन तोंडे आहेत. ते तुम्हांस पटवून देणे एवढेच आमचे आजचे काम. आमची मते जरा रोखठोक आहेत. कुणास ती झोंबली, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी त्याने आमचा समाचार घ्यावा. आमची तक्रार असणार नाही.

आरंभ घरच्या गोष्टीने करतो. आमच्या एका चुलतीचे नाव यमाई. या डोंगरावरच्या देवीचे नाव तिला बारशालाच मिळाले. चुलते वारले, तेव्हा सातबाऱ्यावर तिची वारस म्हणून नोंद झाली. पुढे उतारे संगणकावर चढले. एके दिवशी सोसायटीत पीककर्जासाठी ती उतारा घेऊन गेली, तर तिथला माणूस म्हणाला, “आजी, यमुनाबाई कोण?” उताऱ्यावर यमुना आणि आधारकार्डावर यमाई. कर्ज अडले. मग हेलपाटे सुरू झाले. या टेबलावर सांगत, “यंत्रात जे आहे तेच आम्हाला दिसतं.” त्या टेबलावर सांगत, “कलम १५५ खाली अर्ज करा.” जमीन महसूल संहितेतले हे कलम लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे आणि ते चांगले आहे. पण त्या वाटेने दुरुस्ती होईपर्यंत एक हंगाम हातचा गेला. आणि सर्वांत कडू गोष्ट अशी की, म्हातारीला प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवावा लागला : ‘यमाई ऊर्फ यमुना या दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे.’ जन्मात जिला कुणी यमुना म्हणून हाक मारली नाही, तिने ते नाव आपलेच म्हणून कबूल केले, तेव्हा कुठे तिला तिचे नाव परत मिळाले. ती आम्हांला विचारी, “मी यमुना कधी झाले रे?”

आम्ही तो गुंता उलगडत मागे गेलो. ज्याने ते नाव लिहिले, तो आळशी नव्हता. तो आपल्या समजुतीने शुद्धलेखन करीत होता! यमाई हे त्याला अडाणी बोलीतले रूप वाटले. शुद्ध रूप यमुना असणार, असे त्याने ठरवले. देवीची नदी करून तो मोकळा झाला. यंत्राने ती चूक जशीच्या तशी जपली आणि सरकारी नियमाने तिला पहारा दिला. व्याकरण, यंत्र आणि सरकार या तिघांची गाठ एका म्हातारीच्या अर्ध्या एकरावर पडली ती अशी. आता सांगा, हे विषय तीन की एक?

‘ये माई’ या हाकेवरून या देवीचे नाव पडले, असे आपल्याकडे सांगतात. म्हणजे हे नाव कोशातून आलेले नाही, हाकेतून आलेले आहे. त्याला शुद्ध करायला निघणे म्हणजे हाक दुरुस्त करायला निघणे होय.

हा दुरुस्तीचा रोग फार जुना आहे आणि त्यावरच्या उताऱ्याशी औंधचा जवळचा संबंध आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली, हे आपण जाणता. त्या कार्याला पहिली चालना दिली ती आपले राजेसाहेब भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. १९१८ साली त्यांनी त्यासाठी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. देशभरातल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा त्यात विचार झाला. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या ध्यानात काय आले? महाभारताच्या जुन्या पाठांत पाणिनीच्या नियमांत न बसणारी रूपे होती, अक्षरे जास्त झालेले चरण होते. नंतरच्या लेखकूंना ते खपेना. त्यांनी ठिकठिकाणी व्याकरण सुधारून घेतले, छंद नीट बसवला. पाठ गुळगुळीत झाला, आणि मूळ हरवले. म्हणून संपादकांनी उलटा न्याय लावला : अवघड, ओबडधोबड पाठ आणि गुळगुळीत पाठ शेजारी उभे असले, तर बहुधा ओबडधोबडच जुना समजावा, कारण सोपे अवघड करण्याच्या फंदात कोणी पडत नाही, अवघडाचे सोपे मात्र सगळेच करतात. महाभारतासारख्या ग्रंथात जर सुधारकांच्या हातून मूळ बिघडते, तर यमाईच्या उताऱ्याची काय कथा?

याचा अर्थ व्याकरण गुंडाळून ठेवावे, असा कोणी करू नये. आम्ही व्याकरणाचे भक्त आहोत. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. एका वेलांटीने स्वातंत्र्यदिनाचा स्वातंत्र्यदीन होतो, आणि आमच्या फलकांवर तो दर वर्षी होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद ज्याला लिहिता येत नाही, त्याने माणदेशात समुद्र आणला म्हणून समजा. आमचे म्हणणे इतकेच की, व्याकरण बोलणाऱ्याच्या मागून चालते. त्याने पुढे होऊन बोलणाऱ्याची वाट अडवू नये.

सरकारने या बाबतीत एक शहाणपणाचे काम केले, त्याचे श्रेय दिले पाहिजे. पूर्वी ‘तें’, ‘केलें’, ‘घरांत’ असे कानाला न ऐकू येणारे अनुस्वार डोक्यावर घेऊन आम्ही लिहीत होतो. १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याने चौदा नियम केले, आणि १९६२ साली सरकारने ते मान्य केले. पुढे १९७२ साली आणखी चार आले. त्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले. पुष्कळ विद्वान तेव्हा हळहळले, पण पोरे सुटली. नियम जिभेच्या मागे गेला, म्हणून तो टिकला. उलट १९५३ साली लखनौच्या परिषदेत ठरले की, ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी. छपाईला आणि टंकयंत्राला ते सोयीचे पडेल. ही सुधारणा चार-पाच वर्षांत मागे घ्यावी लागली. नियम लोकांच्या हाताला न विचारता यंत्राच्या मागे गेला, म्हणून तो पडला.

यंत्राच्या बाबतीत तर दोन्ही दाखले आपल्या संस्थानातच आहेत. कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती राजेसाहेबांच्या आश्रयाने. तिथून निघणाऱ्या मासिकांनी सावरकरांच्या सुधारित लिपीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ ही अक्षरे टाकून अ लाच वेलांट्या-उकार लावायचे. ‘इमारत’ न लिहिता ‘अिमारत’ लिहायचे. हेतू वाईट नव्हता. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत. जुळाऱ्याचे हाल होत. हजारो वाचकांनी ती लिपी वाचली आणि तिची सवयही करून घेतली. पण घरी पत्र लिहिताना माणूस इ लिहायचा तो लिहीतच राहिला. ज्या खिळ्यांसाठी लिपी वाकवायची होती, ते खिळेच पुढे कालबाह्य झाले. इ मात्र आहे तिथेच आहे.

दुसरा दाखला या गावचा. पंडित सातवळेकर १९४८ पर्यंत सुमारे तीस वर्षे येथे राहिले. त्यांच्या स्वाध्याय मंडळाच्या छापखान्यात वेदांच्या संहिता छापल्या गेल्या. वेदाच्या अक्षराला स्वर असतात. अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली, स्वरिताची उभी रेघ अक्षरावर. एक रेघ चुकली तर पाठ चुकला. आगगाडीही जिथे येत नाही अशा गावात, हाताने एकेक खिळा जुळवून, त्या रेघा जागच्या जागी बसवल्या गेल्या. तिथे भाषेला कोणी सांगितले नाही की, बाई, यंत्राला जमत नाही, तुझ्या रेघा काढून ठेव. यंत्रालाच वाकवले गेले.

आता आजच्या यंत्राकडे या. संगणकावर जगातल्या लिप्यांना क्रमांक देण्याची जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तीत मराठीच्या ‘ॲ’ ला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले. तोवर ॲसिड आणि ॲडव्होकेट लिहिताना मराठी माणूस हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरून भागवीत होता. ही उणीव यंत्राची नव्हती. मागणारे आम्ही होतो आणि आम्ही उशिरा मागितले. यंत्राला दोष देणे सोपे असते, कारण ते उलट बोलत नाही.

यंत्राचे उपकारही आम्ही विसरत नाही. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो. एका कागदासाठी तलाठ्याच्या दारात दिवस मोडावा लागत नाही. पण आज प्रत्येकाच्या खिशातला फोन आपण होऊन शब्द बदलतो. तुम्ही लिहिता एक, तो करतो दुसरेच. तोच तो महाभारताचा लेखकू आहे! फरक एवढाच की, तो लेखकू एका पोथीत एक चूक करी. हा लाखो पत्रांत तीच चूक एका दिवसात करतो. व्यंकटेश माडगूळकर जुन्या औंध संस्थानातल्या माडगूळचे. त्यांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली आले. अशा एखाद्या दुरुस्ती-यंत्रातून ते गेले असते, तर नावातच ‘माणसं’ची ‘माणसे’ झाली असती आणि आतली माणसे पुण्याची होऊन बाहेर पडली असती.

आता सरकारच्या व्याकरणाकडे वळतो. शाळेतल्या मुलाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की आपण गुण कापतो. सरकारी पत्राचे गुण कोण कापणार? ‘सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.’ या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. आम्ही मात्र त्याला शून्य गुण देऊ. व्याकरणाचा पहिला धडा काय? वाक्यात कर्ता शोधा. शोधा पाहू! करण्यात येईल, कोण करील? उचित, कोणाच्या मते? येईल, केव्हा? कर्मणी प्रयोग हा भाषेचा अलंकार आहे, पण कचेरीत त्याचा बुरखा झाला आहे. आमच्या चुलतीला सात पत्रे आली. सातही पत्रांत कर्ता नव्हता. म्हणून तिचे काम करणाराही कोणी नव्हता.

याच गावात याच्या उलट एक वाक्य लिहिले गेले होते. १९३९ साली राजेसाहेबांनी महात्माजींच्या सल्ल्याने आणि अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रिडमन यांच्या साह्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहावा, तालुक्यांचे प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात बसावेत, अशी ती घटना. वर्ष लक्षात घ्या : देशाला स्वराज्य यायला अजून आठ वर्षे होती. संस्थान लहान होते, माणसेही चुकली असतील, आणि १९४८ साली विलीनीकरणाबरोबर तो प्रयोग संपला. तरी त्याचे व्याकरण आम्हांला निर्दोष वाटते. विहीर कोणी काढायची? गावाने. शाळा कोणी चालवायची? गावाने. जाब कोणाला विचारायचा? पलीकडच्या आळीतल्या पंचाला. वाक्यात कर्ता होता आणि त्याचे घर लोकांना माहीत होते.

तेव्हा आमचे मागणे तीन वाक्यांत सांगतो. माणसाचे नाव तो माणूस जसे सांगेल तसे लिहावे. ते शुद्ध करण्याचा अधिकार पंडिताला नाही, कारकुनाला नाही आणि यंत्राला तर मुळीच नाही. यंत्राने केलेली चूक दुरुस्त करण्याचा खर्च आणि हेलपाटा ज्याने यंत्र बसवले त्याने सोसावा, ज्याचे नाव बिघडले त्याने नव्हे. आणि सरकारी कागदावरच्या प्रत्येक वाक्याला कर्ता असावा. काम कोण करील आणि कोणत्या तारखेपर्यंत करील, हे लिहिलेले नसेल तर तो कागद अशुद्ध समजून परत पाठवावा.

हे शेवटचे काम मात्र सरकार आपण होऊन करणार नाही. ते तुम्हांआम्हांलाच करावे लागेल. येथे शाळेतले मास्तर बसले आहेत, मुले बसली आहेत. वर्गात ‘राम आंबा खातो’ यातला कर्ता शोधून पुरे झाले. घरी आलेले एखादे सरकारी पत्र वर्गात आणा, फळ्यावर लिहा आणि त्यातला कर्ता शोधायला सांगा. सापडला नाही तर वर्गाने मिळून एक पोस्टकार्ड त्या कचेरीला लिहावे : ‘आपल्या वाक्यात कर्ता नाही, कृपया कळवावा.’ अशी शंभर पोस्टकार्डे गेली, तर आमच्या मते व्याकरणाच्या पुस्तकाने जे साधले नाही ते साधेल.

चुलतीचा उतारा आता नीट झाला आहे. तो आम्ही तिला वाचून दाखवला. तिने नाव पुन्हा एकदा वाचायला लावले आणि विचारले, “हे कुणी नीट केलं? त्याला नारळ द्यायचा आहे.” आम्ही पत्र चाळले. पत्रात लिहिले होते : ‘दुरुस्ती करण्यात आली आहे.’

नारळ अजून आमच्याच घरी आहे.