आपली सुट्टी आणि समुद्राची सुट्टी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत के. आर. पुरम येथे दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि गडकिल्ले यांच्या पंक्तीला 'समुद्रातील बुडी' हा विषय बसवण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय दिसतो तितका परका मात्र नाही. आपल्या घरांतील तरुण मुले नेत्राणीला जाऊन येतात, मालवणला जाऊन येतात, आणि पाण्याखालची छायाचित्रे आजीला दाखवतात. आजीही मन लावून पाहते. तिला त्यातली तांबोशी आणि शेवंड चांगली ओळखू येते. फक्त तिची ओळख ताटातली असते.

माझे आजचे बोलणे एका विशिष्ट प्रश्नापुरते आहे. पंधरा ऑगस्टला जोडून रविवार आला की बंगळूरची कुटुंबे बाहेर पडू पाहतात. त्याच सुमारास कुठल्याशा उष्ण प्रदेशातील बेटावर गर्दी नसलेल्या दिवसांत निम्म्या दराने स्कूबा करा, अशी आमंत्रणे येतात. हा निम्मा दर कशामुळे निम्मा झाला, याची चौकशी आपण करतो काय?

आपल्या पश्चिम किनाऱ्यापुरते याचे उत्तर सरळ आहे. आगोट लागली की दर्या मिटतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा तळाची वाळू ढवळून काढतात, गड आणि कर्ली या नद्या डोंगरांतली तांबडी माती आणून ओततात, आणि हिवाळ्यात जिथे दहा-पंधरा हातांवरचा मासा दिसे तिथे स्वतःचा पंजा दिसेनासा होतो. हे नुसते बिघडलेले पाणी नव्हे. याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यालगत तळचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यावर तारली-बांगड्यांचे थवे पोसले जातात. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. मालवणातील बुडीचा व्यवसायही मेअखेरीस आवरतो आणि नारळी पौर्णिमा उलटल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, हळूहळू उघडतो. नेत्राणीचेही तसेच आहे. मुर्डेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत असलेल्या त्या बेटाकडे पावसाळ्यात होडी सुटत नाही.

खरा धोका भर पावसाळ्यात नसतो, कारण तेव्हा कोणी जातच नाही. तो कडेच्या दिवसांत असतो. हंगाम संपत आलेला, शाळांना सुट्टी, किनाऱ्यावर गर्दी, आणि होडीवाल्यापुढे तीन महिन्यांचे रिकामे दिवस. 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी, वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा अंत झाला. 2025 साली तर पाऊस 25 मे रोजीच तळकोकणात उतरला. पंचांगात मृग कधी आहे हे समुद्र पाहत नाही. म्हणून होडीवाला 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. आणि तो 'चला' म्हणाला तरी आधी आकाशाकडे आणि मग अंगावरच्या जीवरक्षक जाकिटाकडे पाहावे.

थोडे साधनाविषयी सांगतो. 1943 साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी जे यंत्र सिद्ध केले, त्याचीच सुधारलेली आवृत्ती आज पाठीवर बांधतात. त्या नळकांड्यात साधी, दाबून भरलेली हवा असते. निव्वळ प्राणवायू असतो हा समज चुकीचा आहे. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. त्यामुळे पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरू नये, कारण वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. आपल्या योगवर्गातील कुंभकप्रेमी मंडळींना हे जरा जड जाते! दुसरे, पाण्याखाली अंगठा उंचावला की 'छान' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. छान चालले असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे. हौसेने अंगठा दाखवणारे पाहुणे दोन मिनिटांत पृष्ठभागावर येऊन पोहोचतात.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकात ती क्वचितच असते. दाबाखाली घेतलेल्या हवेतील नत्रवायू रक्तात आणि ऊतकांत विरघळतो व सावकाश बाहेर पडतो. घाईने उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होतात. म्हणून अनेक बुड्या मारल्यावर निदान 18 तास विमानात बसू नये असे सांगतात. पण आपले बंगळूरच समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच आहे! रविवारी दुपारी नेत्राणीला दोन-तीन खोल बुड्या मारून सोमवारच्या कचेरीसाठी त्याच रात्री घाट चढणारे तरुण माझ्या पाहण्यात आहेत. प्रशिक्षकाचा हात धरून चार-पाच मीटरांवर एकदा जाऊन येणाऱ्याला याचे फारसे भय नाही. खोल जाणाऱ्यांनी मात्र किनाऱ्यावर एक मुक्काम वाढवावा आणि कचेरीला तसे कळवावे.

आता खालच्या रहिवाशांविषयी. महाराजांनी 1664 साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले, त्याच्या भोवतालच्या खडकांवर जिवंत प्रवाळांची वस्ती आहे. 1987 साली तेथील सुमारे 29 चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ हा दगड नव्हे. हजारो इवल्या जिवांनी मिळून बांधलेले ते घर असते, आणि ते फार सावकाश वाढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मालवणच्या या अभयारण्यात हौशी बुडीमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे दाखवून दिले. छायाचित्रासाठी प्रवाळावर उभे राहणे, त्याला धरून तोल सावरणे, होडीचा नांगर त्यावर टाकणे, ही त्याची रोजची कारणे. शिवाय पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात, ते संकट वेगळेच.

थायलंडने या बाबतीत काही कठोर निर्णय घेतले. तेथील माया उपसागर गर्दीने झिजला म्हणून 2018 च्या जूनमध्ये बंद केला, तो 2022 च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क तिथे परत आले. सिमिलान बेटे तर दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. आपल्याकडे हे काम पाऊस फुकट करतो. त्या तीन महिन्यांत प्रवाळावर पाय पडत नाही. माझ्या मते, बंद दिवसांतही काही ना काही चालू ठेवण्याचा जो आग्रह हल्ली ऐकू येतो, त्याला आपण पाहुण्यांनीच खतपाणी घालू नये.

मग जावे केव्हा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे पाणी नितळ असण्याचे दिवस. त्यातही नाताळचा आठवडा टाळून जानेवारीतला एखादा मधला वार साधला, तर गर्दी कमी असते, प्रशिक्षक सवडीने शिकवतो आणि दरही पुष्कळदा बरा मिळतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आल्यास दुसरे डॉक्टर शोधू नयेत.

श्रावणातच जायचे असेल तर नारळी पौर्णिमेला मालवणला जा. बुडी मिळणार नाही. बंदरावर नारळ लढवण्याचे सामने असतात, ते बघा. दर्याला नारळ अर्पण होतो, तेव्हा किनाऱ्यावर सबंध गाव लोटलेला असतो. जेट्टीवर उभे राहिले की समोर पाण्यात किल्ला दिसतो, पण तिथे नेणारी होडी तेव्हा नांगरलेली असते. तिच्या मालकाशी निवांत बोलायला तोच एक महिना सापडतो.